वाचकांचे प्रश्न : मित्रराष्ट्रे बदलतात तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे. बड्या राष्ट्रांची जुनी मैत्री सैल होत आहे, नवे करार होत आहेत, आणि या उलथापालथीत एखाद्या प्रदेशात मोठे युद्ध पेटेल काय, असे वाचक विचारतात. त्यांतील सहा प्रश्न येथे संक्षेपाने घेतले आहेत.

प्रश्न : मी बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकवला. एका राजपुत्राचा खून झाला आणि करारांनी बांधलेले देश एकामागून एक युद्धात ओढले गेले, हे पहिल्या महायुद्धाचे कारण मी मुलांकडून पाठ करून घेत असे. आज पुन्हा तशीच करारांची जाळी विणली जात आहेत. तेच पुन्हा घडेल का? (एक निवृत्त शिक्षिका)

बाई, ते उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण त्यात एक गोष्ट सुटते आणि आजचा विचार करताना नेमकी तीच महत्त्वाची आहे. १९१४ साली करारांनी कोणालाही आपोआप युद्धात ढकलले नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा करार १८८२ पासून होता. तरीही युद्ध सुरू होताच इटलीने हा करार केवळ बचावासाठी असल्याचे सांगून तटस्थता जाहीर केली आणि मे १९१५ मध्ये ती आपल्याच जुन्या मित्राविरुद्ध लढाईत उतरली. उलट, ज्या सर्बियावर ऑस्ट्रिया-हंगेरीने त्या खुनाचा ठपका ठेवला, त्याचे रक्षण करण्याचे रशियावर कोणत्याही कराराने बंधन नव्हते. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातील १९०४ चा समझोता वसाहतींच्या भांडणांविषयी होता, एकमेकांसाठी लढण्याचे कलम त्यात नव्हते. म्हणजे ज्याने सही केली होती तो बाजूला राहिला आणि ज्यांनी केली नव्हती ते लढले.

मग ते कशासाठी लढले? माझ्या मते याचे मोठे कारण म्हणजे उरलेला मित्र गमावण्याची भीती. १८९० मध्ये जर्मनीने रशियाबरोबरच्या कराराची मुदत वाढवली नाही. १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सच्या बाजूला गेला होता आणि १९०७ मध्ये ब्रिटननेही रशियाशी जुळवून घेतले. जर्मनीला भरवशाचा असा ऑस्ट्रिया-हंगेरीच उरला, आणि म्हणून ५ जुलै १९१४ रोजी बर्लिनने व्हिएन्नाला सर्बियाविरुद्ध हवे ते करण्याची मोकळीक दिली. तिकडे ऑस्ट्रिया-हंगेरीने आपल्या राज्याला जोडून घेतलेल्या बोस्नियाच्या प्रश्नावर रशियाने १९०९ मध्ये माघार घेतली होती. पुन्हा माघार घेतली तर बाल्कन प्रदेशात आपला शब्द कोणी मानणार नाही, अशी त्याची धास्ती होती.

याच्या जोडीला वेळापत्रक आले. १ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून जर्मन राजदूताची तार बर्लिनला पोहोचली. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन स्वतः तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही तटस्थ ठेवील, असा तिचा अर्थ लावला गेला. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने सेनाप्रमुख मोल्टके याला सांगितले की आता सगळे सैन्य पूर्वेकडेच, म्हणजे रशियाच्या दिशेने, न्या. मोल्टकेने ते अशक्य असल्याचे उत्तर दिले. लाखो माणसांची हालचाल आगगाड्यांच्या वेळापत्रकावर बसवलेली होती. ती ऐनवेळी फिरवली तर हातात सैन्य न राहता नुसता जमाव राहील, असे त्याचे म्हणणे होते. ‘तुमच्या काकांनी मला वेगळे उत्तर दिले असते,’ असे कैसर त्याला म्हणाला. हे काका म्हणजे १८७० च्या युद्धात फ्रान्सला हरवणारे थोरले मोल्टके. रात्री दुसऱ्या तारेने उलगडा झाला की लंडनहून तशी हमी मिळालेलीच नव्हती, आणि सैन्य ठरल्याप्रमाणे पश्चिमेकडे निघाले.

आज अण्वस्त्रांचा धाक आहे, त्यामुळे १९१४ जसेच्या तसे घडेल असे मला वाटत नाही. पण मित्र दुरावेल या भीतीने त्याच्या प्रत्येक पावलाला संमती देणे आणि एकदा हललेले सैन्य थांबवता न येणे, हे दोन्ही धोके अजून तसेच आहेत. मुलांना शिकवताना करारांच्या यादीइतकाच वेळ त्या एका संध्याकाळला द्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ‘नाटो’ या लष्करी आघाडीच्या करारातील कलम ५ नुसार एका सदस्यावर हल्ला झाला की बाकी सर्व देशांना युद्धात उतरावेच लागते, असे वर्गात सांगितले गेले. हे खरे आहे का? (कायद्याचा एक विद्यार्थी)

नाही. एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, हे ४ एप्रिल १९४९ च्या करारातील वाक्य सर्वांना पाठ असते. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे की प्रत्येक देश ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करील आणि तिच्यात सशस्त्र बळाचा वापरही येऊ शकतो. काय आवश्यक आहे हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे आहे. हे कलम आजवर एकदाच लागू झाले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याची खरी ताकद शब्दांत कमी आणि शब्दांभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेत अधिक आहे. सामाईक सेनापती, आधीच आखलेल्या योजना आणि सीमेवरच्या सदस्य देशांत प्रत्यक्ष राहणारे इतर सदस्यांचे सैनिक असल्यामुळे हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी अनेक देशांची माणसे त्यात सापडतात.

आपण कायद्याचे विद्यार्थी आहात म्हणून एक सवय सुचवतो. कराराची बातमी वाचताना त्यातील क्रियापद शोधावे. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट दस्तऐवजात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनला त्याच्या सीमांचा आदर राखण्याचे ‘आश्वासन’ दिले आणि युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली. ‘हमी’ हा शब्द इंग्रजी मसुद्यात जाणीवपूर्वक टाळला होता. आक्रमण झाले तर कोणी सैन्य पाठवायचे, याबद्दल त्यात काहीच नव्हते. २०१४ मध्ये आणि त्याहून भयंकर रीतीने २४ फेब्रुवारी २०२२ पासून त्या दोन शब्दांमधल्या अंतराची किंमत युक्रेनमधील माणसे मोजत आहेत.

तरीही केवळ मसुद्यावरून भाकीत करता येत नाही, हेही तितकेच खरे. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारातील कलम ९ मध्ये हल्ल्याचा धोका निर्माण झाल्यास तातडीने विचारविनिमय करण्यापलीकडे लढण्याचे वचन नव्हते. पण त्या डिसेंबरातील भारत-पाकिस्तान युद्धात सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत वारंवार नकाराधिकार वापरला, कारण त्याचे स्वतःचे हित त्यात होते. याच्या उलट अनुभव आर्मेनियाला आला. रशियाच्या नेतृत्वाखालील सामूहिक सुरक्षा संघटनेच्या करारात एका सदस्यावरचे आक्रमण सर्वांवरचे मानण्याचे स्पष्ट कलम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजानचे सैन्य आर्मेनियाच्या हद्दीत शिरले, आर्मेनियाने मदत मागितली आणि संघटनेने पाहणीसाठी पथक पाठवले. पुढच्या सप्टेंबरात नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशातून, अझरबैजानच्या हल्ल्यानंतर, एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक आपली घरे सोडून निघाले. २०२४ च्या फेब्रुवारीत आर्मेनियाने त्या संघटनेतील आपला सहभाग गोठवल्याचे जाहीर केले.

अलीकडच्या दोन करारांची तुलना आपण स्वतः करून पाहावी. जून २०२४ मधल्या रशिया-उत्तर कोरिया करारात हल्ला झाल्यास विनाविलंब लष्करी मदतीचे कलम आहे, आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क भागात लढण्यासाठी गेले. जानेवारी २०२५ मधल्या रशिया-इराण करारात तसे कलम नाही. जून २०२५ मध्ये इराणवर आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने हल्ले केले, तेव्हा रशियाने निषेध केला आणि तो तेथेच थांबला.

प्रश्न : ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ हेच परराष्ट्रनीतीचे सार असेल, तर मैत्री बदलण्यात एवढे धोकादायक काय आहे? (एक व्यावसायिक)

मैत्री बदलणे ही फार जुनी रीत आहे. लगतचा राजा अरी म्हणजे शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र आणि त्याच्याही पलीकडचा अरिमित्र म्हणजे शत्रूचा मित्र, असे राज्यांचे मंडळ कौटिल्याने मांडले. पण त्याच कौटिल्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव असे सहा उपाय सांगितले, त्यांतील ‘आसन’ म्हणजे हालचाल न करता थांबून राहणे. मंडळातली स्थाने पालटत असतात तेव्हा थांबून राहणेच सर्वांत अवघड जाते, कारण आता संधी आहे आणि उद्या ती असणार नाही, असे प्रत्येकाला वाटू लागते. धोका मुख्यतः या मधल्या काळात असतो. घट्ट मैत्रीच्या किंवा उघड वैराच्या काळात कोण कुठे उभा आहे हे सर्वांना ठाऊक असते. मधल्या काळात प्रत्येक जण अंदाजाने चालतो.

याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण १९७८-७९ चे आहे, आणि त्याच्या तारखा ओळीने वाचण्यासारख्या आहेत. अमेरिकेविरुद्धच्या लढ्यात व्हिएतनामला चीन आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही मदत केली होती. पण ते दोघे एकमेकांपासून दुरावले होते. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतील एका बेटावर त्यांच्या सैनिकांत गोळीबार झाला होता आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला जाऊन आले होते. व्हिएतनामला एक बाजू निवडणे भाग पडले. ३ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याने मॉस्कोत मैत्रीचा करार केला. २५ डिसेंबरला त्याचे सैन्य कंबोडियात शिरले आणि ७ जानेवारीला चीनच्या मित्राची, म्हणजे ख्मेर रूज राजवटीची, राजधानी पडली. त्याच १ जानेवारीला अमेरिका आणि चीन यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले होते. महिनाअखेरीस चीनचे नेते डेंग शियाओपिंग अमेरिकेत गेले. १७ फेब्रुवारीला चीनचे सैन्य व्हिएतनामच्या सीमेत घुसले.

मॉस्कोच्या करारावर सही होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. व्हिएतनामने पाठीशी मॉस्को आहे या बळावर कंबोडियात पाऊल टाकले. चीनने वॉशिंग्टनशी नाते जुळल्यावर आणि मॉस्को आपल्यावर उलटणार नाही असा हिशेब करून व्हिएतनामवर पाऊल टाकले. मॉस्कोच्या करारातही हल्ल्याच्या प्रसंगी ‘विचारविनिमय’ करून योग्य उपाय योजण्याचे वचन होते, लढण्याचे नव्हते. सोव्हिएत संघाने शस्त्रे आणि रसद पाठवली, पण चीनच्या सीमेवर आघाडी उघडली नाही. चीनचा अंदाज बरोबर ठरला, परंतु तो अंदाजच होता. आणि या सर्व काळात १९५० चा चीन-सोव्हिएत मैत्री करार कागदावर जिवंत होता, त्याची तीस वर्षांची मुदत संपायची होती.

चीनने ५ मार्चला माघारीची घोषणा केली आणि १६ मार्चपर्यंत सैन्य परत नेले. महिनाभराच्या त्या लढाईत दोन्हीकडचे हजारो लोक मेले, लांग सन हे सीमेजवळचे शहर उद्ध्वस्त झाले, आणि सीमेवरच्या चकमकी पुढे जवळजवळ दहा वर्षे चालू राहिल्या. दोन्ही देशांचे संबंध सुरळीत होण्यास १९९१ साल उजाडावे लागले. तोवर ज्या सोव्हिएत संघावरून हे सारे घडले, तोच मोडकळीला आला होता.

प्रश्न : माझा मुलगा व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. समुद्रात दोन देशांच्या बोटी एकमेकींना धडकल्याच्या बातम्या वाचते आणि झोप उडते. एवढ्याशा घटनेतून युद्ध होऊ शकते का? (एक आई)

ताई, होऊ शकते, म्हणूनच अशा घटनांकडे सरकारे डोळ्यांत तेल घालून पाहतात. दक्षिण चीन समुद्रातील सेकंड थॉमस या उथळ खडकावर फिलिपिन्सने १९९९ मध्ये एक जुने लष्करी जहाज मुद्दाम रुतवून ठेवले आहे आणि त्या गंजलेल्या जहाजावर आजही मूठभर सैनिक राहतात. त्यांना रसद नेणाऱ्या बोटी चीनचे तटरक्षक दल अडवत असे. फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यात १९५१ पासून परस्पर संरक्षणाचा करार आहे. ३१ मे २०२४ रोजी फिलिपिन्सच्या अध्यक्षांनी सिंगापूरमध्ये जाहीरपणे सांगितले की मुद्दाम केलेल्या कृतीत फिलिपिन्सचा एखादा नागरिक मेला, तर ते युद्धाच्या कृतीच्या अगदी जवळ जाणारे असेल. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १७ जूनला, झटापटीत त्यांच्या एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. अंगठ्याऐवजी जीव गेला असता तर दोन महासत्तांना त्याच रात्री निर्णय घ्यावा लागला असता. सुदैवाने पुढच्याच महिन्यात रसद नेण्याबाबत दोन्ही देशांत तात्पुरता समझोता झाला.

आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र वेगळी गोष्ट सांगायला हवी. व्यापारी जहाजाचा मालक एका देशाचा, ध्वज दुसऱ्याचा आणि खलाशी तिसऱ्याच देशांचे असतात, त्यामुळे कोणत्याही लष्करी कराराचे छत्र त्यांच्यावर सरळ येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी बंडखोरांनी पकडलेल्या ‘गॅलेक्सी लीडर’ या जहाजावरचे २५ खलाशी जानेवारी २०२५ मध्ये सुटले. त्यांतील एकाच्याही देशाचा त्या भांडणाशी संबंध नव्हता. नाविकांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यातील सामूहिक करार ज्या जहाजांना लागू आहेत, तेथे युद्धसदृश ठरवलेल्या क्षेत्रात जाण्यास नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क खलाशाला असतो. मुलाच्या करारपत्रात हे कलम आहे का, हे त्याला अवश्य पाहायला सांगावे.

प्रश्न : लहान देशाने कोणत्याच गटात न जाता तटस्थ राहणे शहाणपणाचे नाही का? (एक वाचक)

भूगोलाने साथ दिली तर आहे. बेल्जियमच्या तटस्थतेला १८३९ पासून महासत्तांची लेखी हमी होती, तरी ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य त्याच्यातून गेले, कारण तो वाटेत होता. तटस्थ राहायचे की गटात जायचे, यापेक्षा एका स्थितीतून दुसरीत जाताना मधला काळ कसा ओलांडायचा, हा मला अधिक कळीचा प्रश्न वाटतो. एप्रिल २००८ मध्ये नाटोने बुखारेस्टमध्ये युक्रेन आणि जॉर्जिया ‘पुढे सदस्य होतील’ असे जाहीर केले, पण तारीख दिली नाही आणि तोवरच्या संरक्षणाची सोयही केली नाही. त्याच ऑगस्टात जॉर्जियात रशियाशी युद्ध झाले. त्या घोषणेमुळेच ते झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण विरोधकाला चिथवणारी आणि मित्राला उघड्यावर ठेवणारी ती घोषणा होती, असे माझे स्पष्ट मत आहे. फिनलंड आणि स्वीडन यांनी मे २०२२ मध्ये अर्ज करण्याआधी ब्रिटनकडून मधल्या काळातील मदतीची लेखी ग्वाही घेतली. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेला फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी सदस्य झाला, स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी झाला, आणि तो मधला काळ शांततेत गेला.

प्रश्न : करार मित्रांशी होतात. युद्ध टाळण्यासाठी शत्रूशी काय असावे लागते? (एक माजी सैनिक)

बोलण्याची सोय असावी लागते, आणि ती संकट येण्यापूर्वी तयार असावी लागते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर होते, तेव्हा वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांचा मॉस्कोला जाणारा सांकेतिक संदेश न्यायला तार कंपनीचा एक तरुण सायकलवर येत असे. तो वाटेत कुठे थांबू नये, एवढीच प्रार्थना आम्ही करू शकत होतो, असे त्यांनी पुढे लिहिले. क्रेमलिनचे २८ ऑक्टोबरचे माघारीचे उत्तर तर वेळ वाचवण्यासाठी मॉस्को रेडिओवरून सरळ वाचून दाखवले गेले. त्या अनुभवानंतर २० जून १९६३ रोजी दोन्ही राजधान्यांत थेट संपर्काचा करार झाला. चित्रपटांत दिसतो तसा तो लाल टेलिफोन नव्हता. घाईत तोंडून चुकीचा शब्द जाऊ नये म्हणून ती लेखी संदेशांची टेलिप्रिंटर यंत्रणा ठेवली होती. १९७२ मध्ये दोन्ही नौदलांनी समुद्रात एकमेकांच्या किती जवळ जायचे आणि कोणते इशारे द्यायचे, याचे नियम ठरवले. तेव्हा दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा मित्र झाला नव्हता.

नव्या आघाड्यांच्या बातम्यांपेक्षा ही जुनी यंत्रणा एकेक करून मोडत चालल्याचे मला अधिक दुःख होते. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा १९८७ चा करार ऑगस्ट २०१९ मध्ये संपला. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संपर्क कार्यालयांमध्ये रोज सकाळी ९ वाजता आणि संध्याकाळी ५ वाजता फोन होत असे. सांगण्यासारखे काही नसले तरी पलीकडे माणूस आहे, एवढे त्यातून कळत असे. ७ एप्रिल २०२३ रोजी दक्षिणेने नेहमीच्या वेळी फोन लावला आणि उत्तरेकडून तो कोणी उचलला नाही. संध्याकाळी ५ वाजताही उचलला नाही.